पोवळ्याचा वाटा

तालावा बेट वाचलं. पण हे वाचून विसरून जावं, कारण सरकारी नकाशात ते गेल्याच वर्षी बुडालं आहे, आणि नकाशाशी वाद घालणं बरं दिसत नाही.

पॅसिफिक महासागरातलं हे बेट एका दूरच्या देशाच्या ताब्यात. उंची पुरुषभर, एक रस्ता, एक दुकान. उत्पन्न खोबऱ्याचं आणि टपाल तिकिटांचं. तिकिटांवर हत्ती, जो बेटावर कुणी पाहिलेला नाही. समुद्र चढत होता. भरतीचं पाणी म्हाताऱ्या लोसाच्या अंगणात, त्याच्या आईच्या थडग्याला टेकायचं. पालक देशानं कळवलं, की वर्षभरात बांध उभा राहिला नाही तर जहाज येऊन सगळ्यांना घेऊन जाईल. थडगी जहाजात घेत नाहीत, हेही कळवलं.

मग पोवळ्यांच्या अभ्यासक डॉ. निहारा गवंडे यांनी पेटीभर ‘जलदपोवळं’ पाठवलं. प्रयोगशाळेत घडवलेला हा जीव मासळी खाऊन हां हां म्हणता दगड उभा करी. बांधासाठी ते सगळं पोवळं दक्षिण किनाऱ्यावर एका ओळीत लावायचं होतं.

काही महिन्यांनी निहारा बांध पाहायला आली. बांध नव्हता.

“पोवळं कुठंय, काका?”

“वाटलं,” लोसा म्हणाला.

समुद्रातून येईल ते किनाऱ्यावर मांडून घरटी सारखं वाटायचं, ही तालावाची रीत, आणि वाटे घालणारा लोसा. पेटी समुद्रातूनच आली होती. कुणी आपला वाटा डुकरांच्या कुंपणाशी लावला, पाद्र्यानं चर्चच्या पायरीखाली, लोसानं आईच्या थडग्याच्या पायथ्याशी.

निहारानं कपाळाला हात लावला. ती वेंगुर्ल्याची, रापणीचं जाळं ओढलं की वाळूवर वाटे पडतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. विखुरलेलं पोवळं मरणार, एवढंच ती म्हणाली.

ते मेलं नाही. घरोघरी त्याला ताटातली मासळी मिळत होती. तुकडे एकमेकांकडे सरकत जुळले आणि बेटाला गजऱ्यासारखा दगडी कठडा आला; जहाजाचा धक्काही त्याच्या आड गेला. ठरल्या वेळी जहाज आलं, बेटाला प्रदक्षिणा घालून गेलं. कप्तानानं नोंदवलं: धक्का सापडला नाही, सबब बेट बुडाले.

कठडा मात्र वाढतच राहिला आणि त्याची भूकही.

“खायला देणं थांबवलं तर तो थांबेल,” निहारा म्हणाली. “समुद्र थांबणार नाही.”

“आणि देत राहिलो तर?”

“एक दिवस मासळी त्याला पुरेल, तुम्हाला नाही.”

लोसानं बराच वेळ वाट्यांतले मासे इकडचे तिकडे केले. मग पहिला वाटा थडग्याच्या पायथ्याशी ठेवला. “घरात पोर वाढतंय म्हणून कुणी त्याचं ताट काढून घेतं का?”

त्याच संध्याकाळी, हत्तीचं तिकीट लावून, पालक देशाला अर्ज तयार झाला:

‘आमचे बेट बुडाल्याबद्दल तक्रार नाही. तथापि सदर बुडालेल्या बेटावर एक रहिवासी झपाट्याने वाढत आहे. तरी त्याची नोंद करून त्याच्या वाट्याची मासळी दरमहा जहाजाने पाठवावी, आणि परतताना कृपया कुणालाही नेऊ नये, ही विनंती.’