चारला दहा कमी

डोळ्यांनी जे पाहिले ते सांगणे, हा वाणीचा धर्म आहे. वाणीने तो टाळला तर दोष डोळ्यांना लागत नाही, वाणीलाच लागतो. पाठशाळेत गुरुजींनी हे समजावले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याचा खरा अर्थ मला बहात्तराव्या वर्षी कळला.

पुढे लिहिले आहे ते घडलेले आहे. ज्याच्यावर ते गुदरले तो वरद माझा सख्खा पुतण्या. यातले एकही वाक्य मी रचलेले नाही.

शुक्रवार, २० एप्रिल २००७. इंग्लंडातील बेसिंगस्टोकच्या पुढचे एक लहान गाव. गावाचे नाव मुद्दाम देत नाही.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. स्टेशनावर स्वच्छ ऊन पडले होते.

चारला दहा मिनिटे कमी होती...

वरद ऑफिसातून लवकर निघाला होता. गाडीतून उतरून तो पुलाच्या पायऱ्या चढू लागला. वर, पुलाच्या तोंडाशी, भीमराव गजभिये उभे होते.

भीमराव नागपूरचे. तेरा दिवसांनी गावात कौन्सिलची निवडणूक होती आणि ते अपक्ष उभे होते. आपल्यापैकी त्या गावात उभा राहिलेला हा पहिलाच माणूस. ‘नाव मागे घे’ अशी दोन निनावी पत्रे त्यांना आली होती. ती त्यांनी हसत हसत सर्वांना दाखवली होती. स्टेशनावर वरद दिसला की ते हमखास टोकत, “काय पुणेकर, आपल्याला इथं मत आहे, ठाऊक आहे ना? देणार, का आधी मुहूर्त बघणार?”

त्या दिवशी त्यांच्या खांद्याला पत्रकांची पिशवी होती. त्यांच्या मागे दोन माणसे होती. आणि खाली, सहाव्या की सातव्या पायरीवर, वरद होता. तोंड वर करून.

अर्ध्या मिनिटाने भीमराव पायऱ्यांच्या तळाशी निपचित पडले होते. पत्रके पायरी पायरीवर पसरली होती. ती दोन माणसे वरदच्या शेजारून उतरली आणि फाटकाबाहेर गेली.

धावत नाही. चालत.

पोलीस आला. तरुण होता, अदबीने बोलत होता. “काय झालं ते पाहिलंत का, सर?”

“नाही,” वरद म्हणाला. “मी फोनमध्ये बघत होतो.”

फोन त्याच्या खिशात होता.

भीमराव त्याच रात्री गेले.

वरद असे का बोलला? वरद आणि त्याची पत्नी देवयानी यांची व्हिसावरची पाच वर्षे जूनमध्ये पुरी होत होती. कायमच्या वास्तव्याचा फॉर्म भरून टेबलावर तयार होता. संध्याकाळी तिथल्या मराठी मंडळातला रवी घरी आला. वरदच्या मनात होते तेच तोही म्हणाला. “बरोबर केलंस. अरे, एकदा विटनेस म्हणून नाव लागलं की होम ऑफिस फाईल उघडून बसणार. स्टॅम्प मिळेपर्यंत झिप युअर माउथ.”

आपल्याकडची पोलीसचौकीची धास्ती. ती समुद्र ओलांडून बरोबर गेली होती.

त्यांचे घर भाड्याचे होते. रेल्वेच्या कामगारांसाठी शंभरावर वर्षांपूर्वी बांधलेल्या विटांच्या रांगेतले. मागच्या बागेपलीकडे रूळ. गाडी गेली की कपाटातले कप किणकिणत.

पुढच्या शुक्रवारी वरद घरूनच काम करत होता. देवयानीने चहा ठेवला होता.

चारला दहा कमी...

मागून गाडी गेली. काचा थरथरल्या. कप हलले.

आवाज आला नाही.

चहाला उकळी फुटलेली दिसत होती, ऐकू येत नव्हती. देवयानी पाठमोरी काहीतरी बोलत होती. तिची मान हलत होती, हात हलत होते. शब्द नव्हते.

मग एकदम सगळे आवाज परत आले.

“...आणि साखर संपलीय. ऐकतोयस का?”

“तुला आता काही... जाणवलं का?”

“काय?”

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्याच वेळी. चौथ्या दिवशी देवयानीलाही ते कळले. तिने वरदचा हात घट्ट धरला आणि बोट दाखवले.

टेबलाची एक खुर्ची मागे सरकलेली होती. किंचित तिरपी... कोणी बसताना ओढून घेते तशी.

ती आत सरकवली, तरी रोज त्या वेळेला बाहेर. आणि त्या निःशब्दतेत एकच ध्वनी ऐकू येई. अगदी जवळून.

कोरडे ओठ उघडल्याचा...

कोणी बोलू पाहत होते. आणि बोलत नव्हते.

शेजारच्या डोरोथीबाईंचे वय शहाऐंशी. एकदा कुंपणापलीकडून त्यांनीच देवयानीला विचारले, “तुमच्याकडेही खुर्ची सरकते का गं?”

मग त्यांनी सांगितले. ते त्यांना त्यांच्या आजीने सांगितले होते.

वरद राहत होता त्याच घरात पूर्वी थॉमस नावाचा रेल्वेचा मेकॅनिक राहत असे. तरुणपणी तो अमेरिकेत गेला होता, दक्षिणेकडच्या एका राज्यात. तिकडचे मोठे युद्ध नुकतेच संपले होते. गुलाम मुक्त झाले होते आणि त्यांच्यातलाच एक धर्मोपदेशक त्या राज्याच्या विधिमंडळात निवडून आला होता. एके दिवशी तो गाडी बदलण्यासाठी एका लहान स्टेशनावर उतरला. भर दुपारी. तिघांनी त्याला फलाटावर गोळ्या घातल्या, घोड्यांवर बसले आणि निघून गेले.

घोडेही दौडवले नाहीत.

फलाटावर साठ माणसे होती. चौकशीत प्रत्येकाला विचारले गेले. प्रत्येकाने एकच उत्तर दिले. थॉमसनेही. ‘मी काही पाहिले नाही.’

“दोन वर्षांनी तो परत आला,” डोरोथीबाई म्हणाल्या. “आल्यावर त्याला ते कोणाला तरी सांगायचं होतं. आजी म्हणायची, पाव मागताना बोलायचा, हवापाण्याचं बोलायचा. पण त्या दिवसाचं सांगायला लागला, की नुसते ओठ हलायचे. पुढे पुढे पावही मागेना. अठ्ठावीस वर्षं तो त्या टेबलाशी तोंड उघडून बसला.”

“मग तुमच्या आजींना हे कसं कळलं?” देवयानीने विचारले.

“अमेरिकेतल्या वर्तमानपत्राचं कात्रण त्याच्या टोपीत होतं, डिअर. मेल्यावर सापडलं. साठ जणांत त्याचं नाव होतं.”

जूनमध्ये भीमरावांच्या आई, गयाबाई, नागपूरहून आल्या. मृत्यूच्या चौकशीची तारीख लागली होती. भीमराव पडले तेव्हा स्टेशनावर पाहणारा एकच माणूस होता, हे त्यांना कळले होते. पत्ता शोधत त्या वरदच्या दारी आल्या.

दुपार होती. देवयानीने त्यांना बसायला सांगितले. कडेची खुर्ची त्या दिवशी आधीच मागे सरकलेली होती. देवयानी घाईने ती आत ढकलू लागली.

“राहू दे, बाई,” गयाबाई शांतपणे म्हणाल्या. “तिथं म्हातारा बसून हाये. बसलेल्याले उठवू नाही.”

देवयानीचा हात तसाच राहिला.

गयाबाई दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग वरदकडे वळल्या.

“बाबू, तू होता नं तिथं? मी भांडाले नाही आली. मले येवढंच सांग. माहा भीमा आपल्या पायानं पडला, का कोनं ढकलला?”

वरदने आदल्या रात्रीच ठरवले होते. व्हिसा जावो, नोकरी जावो.

“होतो, आजी. पोलिसांना मी खोटं सांगितलं. फोन खिशात होता माझा. मी पाहिलं. सगळं पाहिलं. ते दोघं...”

चारला दहा कमी होती.

मागून गाडी गेली. कप हलले.

वरद बोलत राहिला. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. अर्धे मिनिट तो सांगत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गयाबाई त्याच्या ओठांकडे एकटक पाहत होत्या. मग त्यांनी आपला तळवा त्याच्या तोंडाशी धरला.

आवाज परतले तेव्हा त्या म्हणत होत्या, “हवा येते. शब्द नाही येत.”

त्याने पुन्हा प्रयत्न केला. चार वाजता. सव्वाचारला. आता वेळेचेही बंधन उरले नव्हते. ‘खोटं सांगितलं’ इथपर्यंत गळा साथ देई. पुढे काही नाही. देवयानीने विचारले, “ढकललं का? नुसती मान हलव.” त्याची मान दगडासारखी ताठ झाली.

त्या रात्री त्याने चार पाने लिहिली आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पाठवली. आठवड्याने उत्तर आले, अत्यंत सभ्य भाषेत. ‘आपल्या पाकिटात चार कोरे कागद मिळाले. चुकून दुसरेच पाठवले गेले काय?’

त्याने पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर.

डॉक्टरांनी घसा तपासला. निर्दोष होता. वकिलाला भेटला, तर वकील हसलाच. “साक्षीदार असल्यानं कुणाचा व्हिसा जात नाही हो. कुणी सांगितलं तुम्हांला हे?”

चौकशीचा निकाल लागला. मृत्यू कसा झाला, हे पुराव्याअभावी सांगता येत नाही. गयाबाई ते ऐकून नागपूरला परतल्या. जाताना त्यांनी वरदच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली तो मोडला, तो आजतागायत उभा राहिलेला नाही.

ऑगस्टमध्ये पासपोर्टवर शिक्का उमटला. कायमचे वास्तव्य.

पुढच्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि रीडिंग शहरात राहायला गेले. नवी इमारत, जवळपास रूळ नाहीत. पहिल्याच दिवशी, चारला दहा कमी असताना, कपाटातले कप हलले...

हे मला देवयानीने कळवले. फेब्रुवारी २००९ मध्ये मी पुण्याहून त्यांच्याशी संगणकावर बोलत होतो. इकडे रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटे होत आली होती, म्हणजे तिकडे चारला दहा कमी. मी वरदला म्हणालो, “बाळ, मला सांग. मी म्हातारा आहे, माझ्यापाशी राहील. काय पाहिलंस?”

“काका, खोटं बोललो मी. पाहिलं होतं. वर भीमराव उभे होते, आणि त्या दोघांनी...”

त्याचे ओठ हलत राहिले. यंत्र बिघडले असेल, असे मला वाटले.

पण त्याच क्षणी माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत असूनही त्याची घरघर ऐकू येईना. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलत होता. टिकटिक नव्हती...

आणि पडद्यावर, वरदच्या शेजारी, एक खुर्ची टेबलापासून हळूच मागे सरकली.

त्याने काय पाहिले, ते मला ठाऊक नाही. आता कळेल अशी आशाही नाही. हे लिहिताना मी प्रत्येक पान पुन्हा उलटून पाहिले आहे, शाई जागेवर आहे ना म्हणून. अजून आहे.

भीमरावांना शांती लाभो. त्या दूरच्या फलाटावर पडलेल्या सत्पुरुषालाही लाभो. थॉमसला एकदा तरी बोलता येवो. माझ्या वरदचा कंठ मोकळा होवो. आणि गयाबाई डोळे मिटण्याआधी, कोणाच्या का मुखातून होईना, ते एक वाक्य त्यांच्या कानी पडो.