उन्हाचा भुर्दंड

जिन्याखालच्या कपाटात ‘टक्’ असा आवाज झाला, तेव्हा नीन्केच्या लक्षात आलं — सकाळपासून घरात झालेला हा पहिलाच आवाज.

बॅटरी होती ती. रात्री भरून घेतलेली वीज न्याहारीच्या वेळी बाहेरच्या तारेत सोडून रिकामी झाली, की अशी टक्कन थांबायची. एरवी रविवारी हा आवाज ऐकूसुद्धा यायचा नाही. सहा वर्षांची फेन्ना नुसतं दूध प्यायली तरी चार खुर्च्या सरकायच्या. पण दर दुसऱ्या शनिवार-रविवारी ती तिच्या बाबांकडे, ग्रोनिंगनला. कोर्टात तसं ठरलं होतं. मग घर असं... धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं.

बाहेर एप्रिलचं ऊन होतं, आणि वाराही. फ्रीसलंडमध्ये ऊन आणि वारा एकाच रविवारी आले की गावात कुणी फारसं खूश होत नाही. कारखाने बंद, कचेऱ्या बंद, आणि घरोघर छपरावर पॅनल तापलेली. दुपारी बारा ते चार इतकी वीज होते की ती कुणालाच नको असते. भाव शून्याच्याही खाली जातो. त्या वेळात जो वीज ओढून घेईल त्याला वर पैसे मिळतात, आणि जो छपरावरची वीज तारेत सोडेल त्याला भुर्दंड. म्हणून शहाणी माणसं सकाळीच बॅटरी रिकामी करतात, बाराच्या ठोक्याला पॅनल बंद करतात आणि तारेतली वीज बॅटरीत भरून घेतात. नव्या घरांत हे आपोआप होतं. जुन्या घरांत कुणाला तरी जाऊन हातानं स्विच पाडावा लागतो, आणि तो स्विच नेमका पोटमाळ्यावर, शिडीसारख्या उभ्या जिन्याच्या टोकाला.

आस्टरवार्ड गावात अशी अकरा घरं होती, सगळी ऐंशीच्या आसपासच्या माणसांची. गावच्या वीज सोसायटीनं त्यासाठी पाळ्या लावल्या होत्या. शनिवारी दुपारी दुसऱ्या दिवसाचे भाव कळले, की कोण कुठे जाणार ते ठरायचं. या लोकांना गावात ‘बंदवाले’ म्हणत. नीन्के एरवी सायकलवरून घरोघरी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत फिरायची, तिला गावातले सगळे जिने पाठ होते. आणि रिकामा रविवार कुठेतरी घालवायचाच होता. तिनं नाव देऊन टाकलं.

तिच्या यादीत शेवटचं घर पुलाजवळच्या दाउवेंचं. ती पोटमाळ्याच्या जिन्याखाली पोचली आणि वरच्या चौकोनातून दोन मोठे बूट खाली येऊ लागले.

“खाली कुणी आहे का? मी उतरतोय, आणि मला मागचं दिसत नाही.”

“आहे,” ती म्हणाली. “मला तुमचे फक्त बूट दिसतायत.”

बूट थांबले. “कसे आहेत?”

“एकाची नाडी सुटलीय. पडाल.”

तिनं पुढे होऊन ती नाडी बांधली. का बांधली, कोण जाणे. घरात एक लहान मूल असलं की हात असे विचारल्याशिवाय पुढे होतात. बुटांचा मालक खाली उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. येल्मर त्याचं नाव, धंद्यानं इलेक्ट्रिशियन, गेल्याच हिवाळ्यात गावात राहायला आलेला. कालव्याकडची पाळी त्याची, चर्चकडची तिची, आणि दाउवेंचं नाव दोघांच्याही यादीत. दोघांना वाटलं, सोसायटीची चूक.

दाउवेंनी खुलासा केला की चूक-बिक काही नाही, नाव त्यांनीच दोन्हीकडे घातलंय. ते चौतीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडायचे आणि मिटायचे. बाराचा पूल म्हणजे बाराला, एक माणूस विसरला तर दुसरा हवा. गावातली लहानथोर सगळी त्यांना ‘पाके’ म्हणत, म्हणजे आजोबा. पाकेंनी कॉफी ओतली, साखरेच्या पावाची एकेक चकती दिली, आणि दुसरी देतील अशा आशेवर राहू नका असंही सांगितलं.

“पुढच्या वेळी बूट घट्ट बांधून येईन,” निघताना येल्मर म्हणाला.

“कशाला?” नीन्के म्हणाली, आणि सायकलवर बसल्यावर आपल्याच शब्दाची तिला लाज वाटली.

मग ती ऊन मोजू लागली. फेन्ना घरी नसलेला रविवार हवा, आणि त्या रविवारी ऊन हवं, वारा हवा. इतकं सगळं जुळायचं तेव्हा ते दोघं भेटायचे. मे महिन्यात एकदा जुळलं, जूनमध्ये एकदाही नाही. जूनभर पाऊस लागून राहिला. गवताळ कुरणं पाण्यानं काळपट झाली, मेंढ्या बांधाच्या आडोशाला अंग चोरून उभ्या राहिल्या, आणि शनिवारी दुपारी नीन्के फोनवर दुसऱ्या दिवसाचे भाव बघायची. बारा वाजता चढे, दोन वाजता चढे. गावाला बरं वाटायचं. ती फोन पालथा ठेवायची.

शहाणी बाई अशी वागत नाही, हे तिला कळत होतं. एकदा घर मोडलेली बाई तर नाहीच नाही.

जुलैतल्या भेटीत त्यानं विचारलं, की पाऊस इतका का पडला असेल. तिनं सांगितलं, मला काय विचारतोस... आणि मध्येच थांबली. ‘विचारताय’ म्हणायचं होतं.

“राहू दे तसंच,” तो म्हणाला. “तसंच छान वाटलं.”

पाके कपात बघत कॉफी ढवळत राहिले. त्यांनी साखर घातलेलीच नव्हती.

ऑगस्टचा दुसरा रविवार. बारापासून भाव शून्याखाली जाणार होते, आणि आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. बाराला पाच कमी असताना दोघांची मिळून दहा घरं उरकली आणि ती पुलाकडे वळली. तिची-त्याची यादी कधीच एक झाली होती. कोण कुठलं घर करतं याला अर्थ उरला नव्हता. पुलाच्या अलीकडे, वाळुंजाच्या झाडांच्या सावलीत त्याची व्हॅन उभी होती. मागचं दार उघडं, आणि तो दारात पाय सोडून बसलेला.

“दोन मिनिटं बस,” तो म्हणाला. “तुला एक दाखवायचंय. मग तू चिडशील.”

ती बसली. त्यानं मागून एक खोका ओढला. आत साबणाच्या वडीएवढे पांढरे डबे होते, ओळीनं अकरा. एकेक डबा एकेका पोटमाळ्यावर बसवला, की स्विच आपोआप पडणार. कुणी जिना चढायला नको, पाळी नको, बंदवाले नकोत. सोसायटीनं मागवले होते. बसवायला घरटी एक तास.

“कधी आले?”

“मार्चमध्ये.”

“आणि आता ऑगस्ट आहे.”

“हो.” तो बुटांकडे बघत होता. “एप्रिलमध्ये पहिला बसवायला पाकेंच्या पोटमाळ्यावर गेलो होतो. डबा खिशात होता. राहिलेलं अवजार आणायला खाली उतरताना कुणीतरी माझी नाडी बांधली. मग... राहूनच गेलं.”

ती चिडली नाही. ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी साधी बस चुकवली नव्हती. आणि हा माणूस चार महिने गावाशी खोटं बोलत होता, एखाद्या उन्हाच्या रविवारी तिला अर्धा तास बघायला मिळावं म्हणून. तिनं त्याच्या हाताला हात लावला. हात उन्हानं गरम होता. पुढचं काय झालं ते वाळुंजांना माहीत. पाण्यावरून एक बदक गेलं, त्याच्यामागे आणखी एक, आणि चर्चच्या घड्याळानं एकच ठोका दिला.

एक ठोका. अर्ध्या तासाचा. म्हणजे साडेबारा; बाराचे ठोके त्यांना ऐकूच आले नव्हते.

ती उठली तशी धावतच सुटली.

पाके जिन्याच्या पायथ्याशी पडले होते. एक चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती. चेहरा पिठासारखा पांढरा, पण शुद्धीवर होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“बंद केला मी,” ते म्हणाले. “बारा वाजून वीस मिनिटांनी.”

स्विच खरंच पडलेला होता. वर चढणं जमलं, उतरणं जमलं नाही. ती येईपर्यंतच्या अर्ध्या तासात त्यांना जो भुर्दंड पडला असता, त्यात त्यांची एक कपभर कॉफीसुद्धा आली नसती.

अॅम्ब्युलन्सची वाट बघताना नीन्केनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी विचारलं, आज उशीर झाला का गं?

“सायकल पंक्चर झाली, पाके,” ती म्हणाली.

येल्मर दारात उभा होता. पंक्चरचं ऐकून त्यानं मान खाली घातली.

खुबा मोडला होता. हाड जुळलं, पण पाके घरी परतले नाहीत. लेवार्डेनच्या वृद्धाश्रमात त्यांना तळमजल्यावरची खोली मिळाली. पुलाजवळच्या घराला विक्रीची पाटी लागली. येल्मरनं तीन दिवसांत अकराही डबे बसवले, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. नीन्केवर स्वतःचं नाव यादीतून काढायची वेळच आली नाही, कारण यादीच उरली नाही.

तो एकदा तिच्या दाराशी आला. आत ये, असं ती म्हणाली नाही.

“मी जाऊन सांगतो त्यांना,” तो म्हणाला. “डबे माझ्याकडे होते हेच सांगतो. तुझं नाव येणार नाही.”

“आणि पंक्चर? ते कोण सांगणार?” तिचा आवाज अगदी हळू होता. “तुला बघितलं ना, की मला ती चप्पल दिसते. मी काय करू?”

त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला. मग गेला. सांगायला मात्र दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

नुसतं भेटायला मात्र दोघंही जात. ती दर मंगळवारी, फेन्नाला घेऊन. तो दर शुक्रवारी. हे तिला पाकेंकडूनच कळलं. ऑक्टोबरात एकदा ती त्यांची नखं कापत होती, फेन्ना खिडकीत गोगलगायी मोजत होती. पाके म्हणाले, येल्मर फार बारीक झालाय, येतो आणि हवेबद्दल बोलत बसतो. मग थोड्या वेळानं, तिच्या हाताकडे बघत :

“पुलावर चौतीस वर्षं काढली मी. पूल उघडला की दोन्ही काठांवर माणसं थांबायची. सगळी माझ्याकडे बघत बसायची गं... एकमेकांकडे कुणी नाही.”

तिचा हात थांबला. त्यांनी दुसरा हात पुढे केला.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, येल्मर तिला चर्चच्या भिंतीशी भेटला. दोघंही सायकलवरून उतरले. ऊन लख्ख होतं, आणि दोघांनीही एकदम वर छपरांकडे पाहिलं. सवयच लागली होती. पोटमाळ्यांवर डबे आपापलं काम करत असणार. माणसांची काही गरज नव्हती.

“मला उन्हात तुला भेटता येत नाही,” ती म्हणाली. “खरंच येत नाही. लगेच घड्याळ बघते मी.”

“मग?”

ती सायकलच्या घंटीवरून बोट फिरवत राहिली. “ऊन नसेल तेव्हा ये.”

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तो आला. आकाश शिशासारखं खाली उतरलं होतं, पाऊस ना पडत होता ना थांबत होता. अशा दिवशी छपरावरून काही मिळत नाही, बॅटरी नुसती पडून असते, आणि कुणाच्या घरी जायला कारण म्हणून काहीही नसतं. त्याच्या हातात अवजारांची पेटीही नव्हती. त्यानं बूट दाराशीच काढले आणि मोज्यांवर आत आला.

वाटाण्याचं दाट सूप उकळत होतं. फेन्नानं त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली, आणि दुसरी पण दाखवली, पण ती डगमगते म्हणाली. तो डगमगणाऱ्या खुर्चीवर बसला आणि तिनं घोड्यांची तीन चित्रं दाखवली ती नीट बघितली. नीन्के चुलीपाशी पाठ करून उभी होती. पाठीला त्याचं असणं कळत होतं, आणि त्याबरोबर ती पायरीवरची चप्पलही. दोन्ही एकदम. पण आज ती पळाली नाही. तिनं तिसरा वाडगा काढला.

जेवताना त्यानं टेबलाखालून नाही, सगळ्यांसमोर, तिच्या हातावर हात ठेवला. हात थंड होता. तिनं तो राहू दिला.

“नीन्के,” तो म्हणाला, “माझं तुझ्यावर...”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “माझंही.”

इतकंच. बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. फेन्ना चमच्यानं सॉसेजचे तुकडे एका बाजूला लावत होती आणि त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं येल्मरला विचारलं, की तो पाकेंना भेटायला कधी जातो. शुक्रवारी, तो म्हणाला. आम्ही मंगळवारी, ती म्हणाली, आणि कपाळाला आठ्या घालून तिनं त्यावर बराच विचार केला.

“आई,” ती म्हणाली, “मग तुम्ही दोघं पाकेंकडे एकत्र का नाही जात?”