मागचा दिसेपर्यंत

आमच्या रविवारच्या भटकंतीचा नियम एकच. जिथे वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचं. मागचं माणूस दिसलं की हात वर करायचा, त्याने हात केला की निघायचं. मग फाटा त्याच्या ताब्यात. त्याच्या मागचा दिसेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. नियम मास्तरांचा. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि अजूनही दिसेल त्याला रांगेत उभं करतात. पण तो पाळण्यात सगळ्यांत कडक मी.

"मॅडम डोळ्यांत तेल घालून उभ्या राहतात," आमच्यातला बेकरीवाला म्हणतो. "धंदाच तो त्यांचा."

माझं चष्म्याचं दुकान आहे. आतल्या खोलीत मी डोळे तपासते. बाहेर ताई गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवायची. दोघींनीही लग्न केलं नाही, जन्मभर एका घरात राहिलो. ताई एकटी अशी कधी राहिलीच नाही, झोपायलाही तिला माझी खोली लागायची. चालायलाही दोघी यायचो. ती हळू चालायची, त्यामुळे फाट्यावर मी वाट बघायची ती तिचीच. हिवाळ्यात ती गेली. आता घर खायला उठतं, आणि आठवड्यात मी खऱ्या अर्थाने बोलते ती रविवारीच.

त्या रविवारी ऊन चांगलंच होतं. पुढे मास्तर, मग बेकरीवाला, मग मी, आणि शेपटाला नर्स. टेकडी चढून झाली, डबे खाऊन झाले, आणि आम्ही पलीकडच्या उतारावरच्या रानात शिरलो. झाडं दाट, खाली वाळलेला पाला, किड्यांची एकसुरी किरकिर. बेकरीवाल्याची टोपी दिसेनाशी झाली आणि पहिला फाटा माझ्याकडे आला.

मी उभी राहिले. बराच वेळ कोणी आलं नाही. मग वरच्या वळणावर झाडांमधून एक बाई येताना दिसली. मी हात वर केला. तिनेही केला.

निघायला वळले आणि थांबले. नर्स भराभर चालते. ही बाई उजवं पाऊल बाहेर टाकत, कमरेवर हात ठेवून उतरत होती.

मी गिऱ्हाइकांना सांगते तेच केलं. डावा डोळा झाकला, उजव्याने पाहिलं. मग उजवा झाकला. दोन्ही डोळ्यांना ती दिसत होती. ऊन लागलं असेल म्हणून पाणी प्यायले, चष्मा पुसून पुन्हा घातला. ती तिथेच, वळणाच्या अलीकडे उभी होती. मी चार पावलं तिच्याकडे गेले, तर ती तेवढीच मागे सरकली. मी परत फाट्यावर आले, ती पुढे आली.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझ्या मागे कोणीतरी होतं.

मग मी चालत राहिले. वळून पाहायचा मोह आवरला. पुढच्या फाट्यावर थांबले, ती आली, हात केला. त्याच्या पुढच्याही फाट्यावर. मधल्या वाटेवर पाला वाजायचा, मी थांबले की तोही थांबायचा. वाट संपूच नये असं वाटत होतं, म्हणून मीही तिच्यासारखीच हळू चालू लागले.

शेवटच्या फाट्यावरून खालचा रस्ता दिसतो. बेकरीवाल्याची गाडी उभी होती, माणसांचे आवाज येत होते. तिने हात केला आणि मी उतरले.

गाडीच्या पायरीवर नर्स बुटातले खडे झटकत बसली होती.

"तू पुढे कशी?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, पहिल्या फाट्यावर. तू हो पुढे, ताई येतेय म्हणून." तिने मान वर केली नाही. "मला वाटलं, तुम्हाला जरा एकटं राहायचं असेल."

मी असं काही बोलले नव्हते. तिला येताना मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"चला, सगळे आले," मास्तर म्हणाले.

बेकरीवाल्याने गाडी सुरू केली. मी वर पाहिलं. ताई आता त्या फाट्यावर उभी असणार. मागचं कोणी दिसल्याशिवाय ती जागा सोडणार नाही, आणि तिच्या मागे कोणीच नव्हतं. आम्ही निघून जाणार आणि ती त्या रानात एकटी उभी राहणार, हा विचार मला सहन होईना.

"माझी बाटली राहिली वर," मी म्हणाले. "आलेच."

ती फाट्यावरच होती. या वेळी मागे सरकली नाही. जवळून तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता.

"ताई, चल," मी म्हणाले. "गाडी थांबलीय."

"दमलीस ना?" ती म्हणाली. "बस जरा."

तिने हात वर केला. सवयीने माझाही वर गेला.

ती माझ्या शेजारून उतरली. चष्मे पुसायच्या पाण्याचा वास आला. मी मागोमाग निघायला पाऊल उचललं, आणि ते पुन्हा तिथेच टेकलं.

खालून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आलात का, ताई?" नर्सचा आवाज, आजाऱ्याशी बोलावं तसा हळू. "दर रविवारी किती वेळ थांबता तिथे. मॅडम गेल्या, आता तुमच्या पुढे कोणी नसतं हो."

दार लागलं. गाडी वळली. आवाज लांब गेला.

मी हाक मारली. किड्यांची किरकिर तेवढी थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

मी वरच्या वाटेकडे तोंड करून उभी आहे. कोणी ना कोणी येईल, मग मी हात करून निघेन. बराच वेळ झाला असावा, पण माझी सावली पायाशी जिथे होती तिथेच आहे.