घरना शे

"मध्ये बोलू नका. पुनम, तो मोबाइल उलटा ठेव." जीवराम आबांनी ओट्यावर पाय वर घेतले. गावातले लाइट गेलेले होते. "माझ्या शेजारच्या कमलबाईचा समाधान. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो."

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. सोमवारी कानबाई मातेचं विसर्जन झालं आणि त्याच रात्री समाधान अमळनेरला सुरतेच्या गाडीत बसला. एकटाच. सुरतेजवळ, समुद्राकाठी, बंदरावर नोकरीची मुलाखत होती. पोरानं समुद्र नुसता मोबाइलमध्ये पाहिलेला. बाप लहानपणीच गेला, घरी आई एकटी. तिनं डब्यात कानबाईच्या प्रसादाचे रोट बांधून दिले आणि बजावलं, "भाऊबंदकीबाहेर तुकडा देऊ नको. रोट घरच्यांनीच खायचे."

"का पण?" पुनम बोललीच. "उपाशी माणसाला घरचा का बाहेरचा, असं विचारायचं?"

"तोही तुझ्यासारखाच शिकलेला, बाई. तोही हेच म्हणाला."

नरडाणा स्टेशन मागे पडलं. बोगी जवळजवळ रिकामी. समाधाननं जेवणाचा डबा उघडला आणि मान वर केली, तर समोरच्या बाकावर एक म्हातारा. डोक्याला फडकं, पाय अनवाणी. डब्याकडेच बघत होता.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

समाधाननं बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आपल्याकडे कोणीही विचारतं, आपण सांगतो.

"डब्बामा काय शे?"

"रोट शेत, बाबा. कानबाईना." समाधान अडखळला. "पण ते... घरच्यांनाच देतात."

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. नुसता वाकला. "मंग मी घरना शे का नही, तू सांग."

समाधानला स्वतःचीच लाज वाटली. भुकेल्या माणसासमोर असले नियम सांगायचे? त्यानं अर्धा रोट मोडून पुढे केला. "शे ना, बाबा. घरनाच शे."

म्हाताऱ्यानं सावकाश खाल्लं. कणसुद्धा सांडू दिला नाही. मग उठला.

"आते मी घर जास."

आता घरी जातो म्हणाला, आणि दरवाजाकडे गेला.

गाडी भरधाव होती. समाधान मागे धावला. दरवाजा उघडा. बाहेर अंधार. संडासात बघितलं, पलीकडच्या बोगीत बघितलं.

कोणी नाही.

पडला म्हणावं, तर ओरडला नाही...

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"समाधान, कोनतरी दार ठोकी राह्यनं रे."

"कोण आहे?"

"नाव सांगत नही. म्हने, मी घरना शे."

"आई, दार उघडू नको! आई..."

फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला.

मग काही नाही.

त्यानं मला फोन केला. "आबा, पळा. आई..." मी बॅटरी घेतली, अंगण ओलांडलं. दार सताड उघडं. आत दिवा नाही. हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा हाक मारली.

आबा थांबले.

"मग?" पुनमचा आवाज बारीक झाला होता.

मग माजघरात बॅटरी मारली. कमलबाई खाली बसलेली. धडधाकट. मांडीवर हातपंखा. समोर खाट, त्यावर धुतलेली गोधडी अंथरलेली. ती खाटेला वारा घालत होती.

"वहिनी, कोण आलं होतं?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊ. आतेच निजना."

खाटेवर कोणी नव्हतं.

समाधान नंदुरबारला उतरला, मिळेल त्या गाडीनं पहाटे परत आला. मुलाखत गेली. पुन्हा कुठे अर्जही केला नाही. आईला एकटीला सोडून जाववत नाही, म्हणतो. एकटीला...

आबांनी पाय ओट्याखाली सोडले.

"ती खाट त्यानं उसवून नव्या दोरीनं विणली. मीच दुसऱ्या टोकाला दोरी ओढायला होतो, चांगली ताणून विणली. रात्रभर रिकाम्या खोलीत ठेवून दाराला बाहेरून कुलूप लावलं. सकाळी उघडलं..."

"तुटली होती?"

"नाही. दोरी अख्खी होती. फक्त मधोमध खाली दबलेली. डोक्यापासून टाचेपर्यंत. एका कुशीवर कोणी निजल्यासारखी."