रुईचा नवरा

चांगुणाच्या वांग्याचं पाणी कुणीतरी पळवलं होतं, आणि पळवणारा विहिरीच्या धावेवर, मोटेच्या उतारावर, उभा राहून बैलांशी गप्पा मारत होता.

डोणगावच्या शिवारातली ही विहीर दोन मळ्यांची होती. एक दिवस मोट चालवायची चांगुणाच्या बापाने, उकंडरावांनी, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या किसनरावांनी. महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती, पाण्याचं इंजिन गावात आधी कोण आणणार याच्या पैजा लागत होत्या, पण या विहिरीवर अजून मोटच होती आणि पाळीचा दिवस मोडायची कुणाची छाती नव्हती. आज पाळी उकंडरावांची होती. किसनरावांचा भाचा इंद्रभान कालच उंद्रीहून मामाचा मळा सांभाळायला आला होता. त्याला हे कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असून त्याने ऐकलं नसावं. पुढे त्याला नीट ओळखू लागल्यावर चांगुणाची खात्री पटली, की ऐकलंच नसणार.

"आज पाळी आमची हाये," ती म्हणाली.

मोटेचं चाक करकरत होतं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची चांगुणा निमूट परत फिरली असती, आणि वांगी सुकली म्हणून स्वतःलाच बोल लावत बसली असती. सासरी तिने तेच केलं होतं. नवऱ्याचा हात सैल होता आणि जीभ त्याहून. भाकरी जाड झाली, लेकरू रडलं, दाराची कडी वाजली, काहीही झालं तरी "तुले काहीच जमत नाही" हे ठरलेलं, आणि मग मार. मार अंगावरून गेला, ते वाक्य मात्र अंगात मुरलं. शेवटी उकंडराव गेले, पंचांपुढे फारकत करून घेतली आणि लेकीला नि तिच्या कडेवरच्या पोरीला, गोजीला, घेऊन आले. तेव्हापासून चांगुणा माहेरी होती, आणि वरणात मीठ घालतानाही आईला दोनदा विचारत होती.

पण वांगी तिने स्वतः लावली होती. ती सुकताना पाहून तिच्या आत काहीतरी तडकलं.

"कानात बोळे घातले काय हो?" ती ओरडली.

तो वळला. सावळा, उंच, डोक्यावरची टोपी तिरकी. "तुमी मले बोलून राह्यल्या, का बैलाले?"

"ज्याले अक्कल कमी हाये त्याले."

शब्द तोंडातून गेले आणि चांगुणा गार पडली. पाय आपोआप मागे सरला, कोपर आपोआप तोंडासमोर आलं. त्याने ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं, आणि त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"मंग मलेच," तो हळूच म्हणाला. "बैल हुशार हायेत."

त्याने पायानेच दांडाचं, पाण्याच्या चरीचं, मातीचं दार फोडलं आणि पाणी तिच्या वाफ्यांकडे वळवलं. तो आपल्याला "तुमी" म्हणाला होता, हे तिला घरी गेल्यावर आठवलं.

त्या दिवसापासून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. माणूस वाईट नव्हता, पण एक काम सरळ करेल तर शपथ. दार बांधायचं विसरून स्वतःच्याच मेथीत गुडघाभर पाणी करून ठेवायचा. वाकून विहिरीत पाहताना टोपी पाडायचा आणि मग तास-दीड तास गळ टाकून बसायचा. आणि तिच्याशी बोलायचं झालं, की बैलाशी बोलायचा.

"लाख्या, आज बाईनं हिरवं लुगडं नेसलं हाये. तुले कसं वाटलं बे?"

"बैलाले काय कळते लुगड्यातलं?"

"त्याले नाही कळत, म्हनूनच तं सांगून राह्यलो."

"तुमी कामाकडं पाहा."

"कामाकडंच पाहून राह्यलो... पन नजरच तिकडं जाते, त्याले मी काय करू?"

चांगुणाने पाठ फिरवली आणि निंदायला बसली. निंदायला तिथे तण नव्हतं. हसू लपवायला जागा हवी होती.

त्याच्यावर चिडताना तिला भीती वाटत नव्हती, ही तिच्यासाठी नवलाची गोष्ट होती. सासरी राग गिळावा लागे, घोटाघोटाने. इथे ती बोलायची, तो ऐकायचा, त्याचे कान लाल व्हायचे, आणि दुपारी काही झालंच नाही अशा थाटात तो बांधावर येऊन भाकरीसोबत कांदा मागायचा. हळूहळू तिचा आवाज मळ्याबाहेरही निघू लागला. आठवडी बाजारात ती आजवर कोपऱ्यात मान खाली घालून बसायची. आता वांगी कशी कोवळी आहेत ते ओरडून सांगू लागली. बापाने नको म्हटलं असताना तिने बांधालगत भेदरं लावली, आणि ती लालबुंद टमाटी पाहून उकंडराव चार माणसांत आपलीच अक्कल म्हणून सांगत फिरले. चांगुणाने मनातल्या मनात कपाळ बडवलं. पण जमलं होतं. तिला जमलं होतं.

आणि तिला इंद्रभान आवडत होता. हे एका दुपारी तो कांदा फोडत असताना तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिला त्याचाही रागच आला.

मग रुईचं प्रकरण झालं.

ती बाजारात बसली होती. शेजारी मिरच्या विकणाऱ्या मनकर्णाबाई तिच्याकडे सरकल्या. "पोट्टे, नशीब उघडलं तुहं. इंद्रभाननं काल रुईसंगं लगन लावलं."

चांगुणाच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. रुईशी लग्न म्हणजे काय, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यांच्यात बाईचं दुसरं लग्न, पाट, चालत असे. पण बिनलग्नाच्या पुरुषाला पाटाची बाई थेट करता येत नसे. आधी त्याचं लग्न बांधावरल्या रुईच्या झुडपाशी लावायचं, हळद, अक्षता, सगळ्यासकट. मग ती रुई उपटून टाकायची. पहिली बायको वारली, नवरा बिजवर झाला, आता लावा पाट. ही रुई कोणासाठी झाली, ते अख्ख्या डोणगावला ठाऊक होतं. जिच्यासाठी झाली, तिलाच तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

पंधराव्या वर्षी अंगाला हळद लागली, तेव्हाच तिला कळलं होतं की लग्न आपलं आहे. आज वांग्याच्या टोपल्यापाशी पुन्हा तसंच कळत होतं. टोपलं मनकर्णाबाईंच्या हवाली करून ती तडक विहिरीवर गेली.

"रुईसंगं लगन लावलं?"

"हाव." इंद्रभानच्या कपाळाला अजून अक्षता चिकटलेल्या होत्या आणि तो चक्क खुशीत होता. "मोठ्या बांधावरची. चांगली उंच होती."

"उंच होती?"

"मामा म्हने, बिनलग्नाच्या मानसाले पाट लावता येत नाही. म्हटलं, आधी अडचन दूर करू... मंग तुमाले इचारू."

"आनं मी नाही म्हटलं असतं तं?"

हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं. "तं... नुसताच बिजवर राह्यलो असतो."

एरवी ती हसली असती. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यामुळे ती आणखी चिडली. "तुले काही वाटलं नाही? मामाले इचारलं, माह्या बापाले इचारलं, त्या झाडालेही इचारलं असशीन. मी काय वांग्याचं टोपलं हाये? दाबून पाह्यलं आनं उचललं?"

इंद्रभानची खुशी मावळली. तो "तुमच्याच भल्यासाठी" म्हणाला नाही, "लोक काय म्हनतीन" म्हणाला नाही. कपाळावरच्या अक्षता त्याने पुसून टाकल्या.

"चुकलं माहं," तो म्हणाला. "लय चुकलं." आणि घाबरत, "मंग... आता इचारू?"

"आता तोंड बंद ठेवा."

त्याने ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस ठेवलं. पाळीच्या दिवशी पाणी बरोबर यायचं, दार नीट बांधलेलं असायचं, लाख्याशीसुद्धा बोलणं बंद. या माणसाने कधी नव्हे ते एखादी गोष्ट मनावर घेतली होती, आणि ती नेमकी हीच. चांगुणाला रडावं की ओरडावं कळेना.

घरी उकंडराव मात्र खुशीत होते. जेवताना म्हणाले, "चांगलं स्थळ चालत आलं. पोरीची फिकीर करू नको, गोजीले आमी सांभाळतो. पाटाची बाई पहिलं लेकरू संगं नेत नसते."

चांगुणाच्या हातातली भाकरी परातीत पडली.

"बा," ती म्हणाली, "माहं लगन मी ठरवीन. गोजी संगं येनार असली तं लागन, नाहीतं लागनार नाही."

आणि परातीतली भाकरी उचलून तिने पुन्हा थापायला घेतली. उकंडराव घास तोंडात तसाच ठेवून पाहत राहिले. तिच्या आईने, सुभद्राबाईंनी, त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"जेवा," त्या म्हणाल्या. "ऐकलं ना तिनं काय म्हटलं ते."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, माघातलं अवेळीचं, आणि बारीक भुरभुर सुरू झाली. चांगुणा गोजीचा हात धरून विहिरीवर गेली. इंद्रभान डोक्यावर पोतं घेऊन बैल सोडत होता. तिला पाहून त्याने पोतं काढलं, आणि उगाच भिजत उभा राहिला.

"मले बोलायचं हाये. तुमी मधात बोलू नका."

त्याने मान हलवली.

"मले तुमी पसंत हा. तुमच्या रुईचा याच्यात काही संबंध नाही. रुई नसती केली तं आतापर्यंत मीच बोलली असती." त्याचे कान लाल झाले. ती घाईने पुढे बोलू लागली, नाहीतर तिचेही झाले असते. "लगन झालं तरी बाजारात मी बसीन. आनं माह्याबद्दलची गोष्ट मले सगळ्यायच्या आधी कळली पायजे."

"हाव."

"मधात बोलू नका म्हटलं ना?"

त्याने ओठ दाबून धरले.

"आनं गोजी आपल्यासंगं राहीन. आता बोला."

"गोजीले सोडून तुमी येनार नाही, हे तं मले ठाऊकच होतं. म्हनून मी मामाच्या लिंबाले तिच्यासाठी झोका..."

"कोनाले इचारून?"

"बांधला नाही," तो गडबडीने म्हणाला. "नुसती दोरी आनली."

चांगुणाने डोळे मिटून घेतले. हा माणूस कधी सुधारणार नाही. आणि तिला तोच हवा होता.

"मंग... हाव समजू?" त्याने हळूच विचारलं. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं, पण तो पुसायलाही हलत नव्हता.

"नाही. अजून एका मानसाले इचारायचं हाये."

इंद्रभानने दचकून मामाच्या मळ्याकडे पाहिलं. चांगुणा मात्र खाली बसली, दांडाच्या चिखलात बांध घालत असलेल्या गोजीसमोर.

"गोजे, आपन ह्यायच्या घरी राहाले जायचं का? तुले जावं वाटलं तं जाऊ. नाही वाटलं तं नाही जायचं."

गोजीचे चिखलाचे हात थांबले. इतकी मोठी गोष्ट तिला आजवर कुणी विचारली नव्हती. तिने आईकडे पाहिलं, मग इंद्रभानला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग पुन्हा आईकडे. इंद्रभानच्या ओठांवर 'झोका' हा शब्द आला होता. चांगुणाने एकदाच पाहिलं, तो गप्प बसला.

"मी उद्या सांगीन," गोजी म्हणाली, आणि पुन्हा चिखलाकडे वळली.

"बरं," चांगुणा म्हणाली. "उद्या सांग."

इंद्रभानने कपाळाला हात लावला. चांगुणा उठली, त्याचा तो ओला हात कपाळावरून खाली घेतला, आणि आपल्या हातात धरून ठेवला.