मंगळवारचा तास

राजापेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेचा इतिहास शिकवतो. खाली झेरॉक्सचं दुकान आहे, खिडकी उघडली की गाड्यांचे हॉर्न. एकतीस मुलं. सहा वर्षांत "असं काहून झालं?" हे मला कोणी विचारलेलं नाही. "सर, चार मुद्दे सांगा," एवढंच.

फेब्रुवारीत पहिल्या महायुद्धानंतरचा जर्मनी घेतला. घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं की शेवटच्या महिन्यापर्यंत वर्तमानपत्रं विजयाचंच छापत होती, राजधानीत शत्रूचा शिपाई कोणी पाहिला नव्हता, आणि अचानक कळलं, हरलो. लोकांना ते पटेना. मग आपल्यातलेच फितूर शोधणं सुरू झालं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांच्याकडे बोट गेलं, आणि पुढचं सगळं राजकारण त्यातून उभं राहिलं.

"सर, हे पेपरात येते काय?" अश्विननं विचारलं. मी खडू ठेवून दिला.

पुढच्या मंगळवारी पूर्व परीक्षेचा निकाल लागला. एकतीसपैकी एकही पास नाही. मी तेव्हा रजा टाकून आईला घेऊन रिद्धपूरला दर्शनाला गेलो होतो. संध्याकाळी परतल्यावर कळलं. गुरुवारी मुलं गुमान बसली होती. काय बोलावं सुचेना, म्हणून मी चाचणी घेतली: पराभवाचे जर्मन समाजावरील परिणाम.

पहिला पेपर आचलचा. ती भातकुलीहून येते, वडील शेतात सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी लावतात. तिनं लिहिलं होतं: "आम्ही हरलो नाही. आम्हाला घरच्यांनी हरवलं. त्या हिवाळ्यात बटाटे संपले, आम्ही सलगम उकडून खाल्लं. लेकरांच्या बुटांना लाकडाचे तळ होते."

दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यातही. तीस पेपर, स्वल्पविरामासकट सारखे. फक्त अश्विनचा वेगळा होता; त्यानं "आम्ही" नाही, "जर्मन लोक" लिहिलं होतं.

मला भयंकर राग आला. कुठल्या तरी गाइडमधून उतरवलं असणार. दुकानं पालथी घातली, आठ गाइडं चाळली. सलगमाचं नावही कुठं नव्हतं.

शनिवारी आचलला उभं केलं. "हे कुठून उतरवलं?"

"सर, तुमीच तं सांगतलं. मंगळवारी."

"मंगळवारी मी रिद्धपूरला होतो."

तिनं वही उघडून दाखवली. तारीख होती, अकरा पानं होती. बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. कोणी हसत नव्हतं.

मी ऑफिसात गेलो. क्लासचे मालक देवानंदभाऊ चहा पीत होते. त्यांनी मंगळवारचं कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. दुपारची साडेबाराची वेळ. फळ्यासमोर कोणीच नव्हतं. तीस मुलं खाली माना घालून लिहीत होती. मधेच सगळ्या माना वर उठल्या आणि डावीकडून उजवीकडे सावकाश वळत गेल्या, कोणी तरी फेऱ्या मारत असल्यासारख्या. एकटा अश्विन इकडे-तिकडे बघत होता.

देवानंदभाऊंनी चित्रण थांबवलं. "पोरं मस्करी करून राह्यले, सर."

"एक तास?"

त्यांनी कप खाली ठेवला. चहा संपला नव्हता.

मी वर्गात परत आलो. काय झालं होतं ते मला कळत नव्हतं. पण खोटं काय होतं, ते कळत होतं.

"वह्या बंद करा," मी म्हणालो. "फितुरी वगैरे काही नव्हती. सैन्य थकलं होतं. सेनापतींनीच युद्ध थांबवा म्हणून सांगितलं आणि दोष दुसऱ्यांवर ढकलला. ते हरले, बस."

एकही वही बंद झाली नाही.

"मंग आमी काहून नापास झालो, सर?" आचलनं शांतपणे विचारलं. "रात्रंदिवस अभ्यास केला आमी."

"कमी पडलो. मीसुद्धा."

मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. सगळ्यांचीच गेली.

मी वळून पाहिलं. फळा कोरा होता.

मागे पेनं चालू लागल्याचा आवाज आला. तीस पेनं एका लयीत.

अश्विन लिहीत नव्हता. मला जरा धीर आला. मी त्याच्या बाकाशी गेलो. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं हळूच पेनाचं टोपण काढलं.

"अश्विन, तू नको लिहू."

"लिहा लागते, सर."

"काहून?"

तो सरकला आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"बसा, सर," तो कुजबुजला. "आता फितुरांची नावं सांगून राह्यले."

उभं राहून माझे पाय भरून आले होते. वर्गात माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. मी बसलो.

शेजारून कोणी तरी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला.