नकार पोचला

हेल्मेट डोक्यावरच ठेवून तो हैदराबादेत काचीगुड्याच्या मराठी वधूवर मंडळाच्या ऑफिसात शिरला आणि म्हणाला, "मी एका मुलीला नकार देतोय. जमतच नाहीये."

लॅपटॉपवरून मान वर करत शर्वरीनं विचारलं, "मनानं जमत नाहीये की बोटानं?"

"बोटानं, मॅडम. मन केव्हाचं तयार आहे."

मंडळाचं ॲप शर्वरीनंच बनवलं होतं. म्हणजे मंडळाची जुनी वेबसाइट ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये नेऊन बसवली होती. आतल्या पानांनी आगाऊपणा करू नये म्हणून तिनं कॅमेरा, माइक, लोकेशन, मध्येच उघडणाऱ्या चौकटी, सगळं बंद ठेवलं होतं. आता नकाराआधी साइट एका चौकटीत विचारायची, 'नक्की?' चौकटच बंद, त्यामुळे ॲप त्या प्रश्नाला परस्पर 'नाही' सांगून मोकळं व्हायचं आणि नकार तिथंच रद्द व्हायचा. होकाराला चौकट नव्हती, तो सुसाट जायचा. ॲप आल्यापासून समाजात कुणाचाच कुणाला नकार पोचला नव्हता, आणि माणसं सुधारली म्हणून सेक्रेटरी भगवंतराव पेढे वाटत सुटले होते.

"बघू," म्हणत तिनं त्याचा फोन घेतला. गौतम. आबिड्सला चष्म्याचं दुकान. आणि त्याला नकोशी मुलगी... शर्वरी. आईनं न विचारता चढवलेला फोटो, चुलतबहिणीच्या लग्नातला, तोंडात अख्खी जिलबी. तरी समोर बसलेली ओळखू येऊ नये? आणि हा म्हणे चष्मे विकतो.

"मुलीत वाईट काय आहे?" तिनं शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं.

"लिहिलंय ना, 'मुलगी शांत, मोजकं बोलते.' घरी वडील, आमचे बापू, आधीच मोजकं बोलतात. दोघं झाले की घरात बोलायला कुकरच उरेल."

शर्वरीला हसू आवरेना.

"तुमच्यासारखी असती तर..." तो अडखळला. "म्हणजे, बोलणारी."

"मी बोलणारी?"

"हौ. चांगल्या अर्थानं हो."

तिच्या कानशिलापर्यंत काहीतरी गरम चढलं. ॲप दुरुस्त केलं तर याचा नकार सुटणार, आणि थेट तिच्याच घरी येणार. नाही केलं तर नको असलेल्या स्थळांसाठी घरोघर पोहे परतले जाणार. तिनं उसासा टाकला, मंडळाच्या साइटपुरती चौकटीला परवानगी दिली आणि नवं ॲप त्याच्या फोनवर चढवलं.

"आता दाबा."

'नक्की?' चौकटीनं विचारलं.

त्याचा अंगठा अधांतरी थांबला. "मॅडम, तुम्ही एकदम गप्प का झालात?"

"मी तटस्थ आहे."

त्यानं दाबलं. टेबलावर तिचा फोन टिंग करून वाजला.

"पोचला," ती म्हणाली.

"तिला वाईट वाटेल का हो?"

"थोडं वाटलं."

तो 'थोडं'शी थांबला. मग 'वाटलं'शी. सावकाश त्यानं हेल्मेट काढलं, फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे...

"जिलबी," तो पुटपुटला.

"चांगली होती."

"नकार मागे घ्यायची सोय आहे का?"

"साइटवर नाही. तोंडी करावं लागतं."

त्यानं खुर्ची पुढे ओढली. "सुरुवात कुठून करू?"

"'चुकलं'पासून."

"आणि शेवट?"

शर्वरीनं लॅपटॉप मिटला. "शेवटाची इतकी काय घाई आहे..."